प्रश्न तुमचे : व्हिटॅमिन सी टिकत का नाही, आणि टिकवायचं तर कसं

मागच्या अंकात डब्याबंद रसातलं व्हिटॅमिन सी हळूहळू कमी होत जातं एवढं एक वाक्य लिहिलं होतं, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. केमिस्ट्री थोडी येणार, त्याला इलाज नाही, पण जमेल तेवढं सोपं ठेवते.

प्रश्न : ताई, पाकिटांवर कधी एस्कॉर्बिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं, कधी सोडियम एस्कॉर्बेट, कधी एस्कॉर्बिल पाल्मिटेट, आणि कधी नुसतेच ३००, ३०१, ३०४ असे आकडे. हे सगळं व्हिटॅमिन सीच का? मग एवढी नावं कशाला?

उत्तर : मूळ सगळ्यांचं एकच आहे, पण काम वेगवेगळं. ३०० म्हणजे साधं एस्कॉर्बिक अ‍ॅसिड. ३०१ त्याचं सोडियमचं मीठ (केमिस्ट्रीतलं सॉल्ट, स्वयंपाकातलं मीठ नव्हे) आणि ३०२ कॅल्शियमचं. मीठ केलं की आंबटपणा जातो, पोटाला जरा सौम्य वाटतं, पण पाण्यात विरघळलं की तो तोच एस्कॉर्बेट, म्हणजे टिकाऊपणात फार फरक पडत नाही हो. कोरडं असेपर्यंत तिन्ही छान राहतात. पाणी आणि हवा एकत्र आली की सगळे एकाच वाटेने जातात.

३०४ ची गोष्ट वेगळी. एस्कॉर्बिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळतं, तेलात नाही, आणि तेलाला खवटपणापासून वाचवायचं तर तेलात जाणारं काहीतरी हवं, म्हणून त्याच्या एका टोकाला, सहाव्या कार्बनवर, पाल्मिटिक अ‍ॅसिडची लांब शेपटी जोडतात. जुनी पद्धत म्हणजे दोन्ही चीजा घट्ट सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायच्या आणि मग पाण्यात ओतून वेगळं करायचं, आता लायपेज एन्झाइम वापरूनही करता येतं. हे तेलात मिसळतं, पोटात गेल्यावर शेपटी सुटते आणि व्हिटॅमिन मोकळं होतं. पण लोकांचा गैरसमज असा की शेपटी जोडली म्हणजे ते टिकाऊ झालं. तसं नाहीये. शेपटी आहे सहाव्या कार्बनवर आणि बिघडणारी जागा आहे दुसऱ्या-तिसऱ्यावर, ती उघडीच राहते. उलट ती उघडी आहे म्हणूनच ते तेलाचं रक्षण करतं, स्वतः खर्च होऊन.

जाता जाता, ३१५ आणि ३१६ म्हणजे एरिथॉर्बिक अ‍ॅसिड आणि त्याचं सोडियम मीठ. दिसायला जवळपास तेच, फक्त एका कार्बनवरची मांडणी उलटी. प्रिझर्वेटिव्ह म्हणून उत्तम, पण व्हिटॅमिन म्हणून अगदीच किरकोळ. पाकिटावर ते दिसलं तर व्हिटॅमिन सी मिळालं असं धरून चालू नका.

प्रश्न : मी बारावीत आहे. व्हिटॅमिन सी हवेने खराब होतं असं पुस्तकात आहे, पण नेमकं होतं काय आणि किती हवा लागते?

उत्तर : छान प्रश्न, आणि याचं उत्तर आकड्यात देता येतं म्हणून जास्त छान.

रेणूत पाच जणांचं एक कडं आहे, चार कार्बन आणि एक ऑक्सिजन. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमध्ये डबल बाँड आहे आणि दोघांवर एकेक ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. या जोडगोळीला ईनडायॉल म्हणतात. सगळा गुण तिथे आणि सगळं दुखणंही तिथेच. ही जागा दोन इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकते, शरीरात त्यामुळेच ती उपयोगी पडते, आणि बाटलीत त्यामुळेच ऑक्सिजनला देऊन बसते. इलेक्ट्रॉन गेले की बनतं डिहायड्रोएस्कॉर्बिक अ‍ॅसिड. इथपर्यंत अजून काही बिघडलेलं नाही कारण शरीर त्याला परत एस्कॉर्बिक करून घेतं. पण ते कडं फार कच्चं असतं, न्यूट्रल पाण्यात आणि शरीराच्या तापमानाला काही मिनिटांतच पाणी आत शिरून कडं फुटतं आणि डायकीटोगुलॉनिक अ‍ॅसिड होतं. तिथून परतीची वाट नाही, व्हिटॅमिन गेलं.

आता हवा किती? हिशोब स्वतः करून बघ. एस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा रेणुभार १७६, आणि त्याच्या एका रेणूला ऑक्सिजनचा एक अणू पुरतो, म्हणजे १६. १७६ भागिले १६ बरोबर ११. म्हणजे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन ११ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी खाऊ शकतो. १ मिलिलिटर हवेत ऑक्सिजन असतो साधारण ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलिलिटर हवेमागे सुमारे ३.३ मिलिग्रॅम व्हिटॅमिन. बाटलीच्या मानेत १० मिलिलिटर हवा राहिली तर तिच्यात ३३ मिलिग्रॅम संपवायची ताकद आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला सांगितलेलं प्रमाण आहे ४५ मिलिग्रॅम! म्हणून रस भरणारे कारखाने आधी रसातली हवा ओढून काढतात आणि बाटलीच्या मानेत नायट्रोजन सोडतात.

हे सगळं आपोआप हळूच होतं, पण तांबं किंवा लोखंड अगदी नावाला जरी असलं तरी वेग प्रचंड वाढतो, त्यातही तांबं जास्त वाईट. दुधासारख्या पदार्थात रायबोफ्लेविन, म्हणजे व्हिटॅमिन बी-२, असतं, त्याच्यावर उजेड पडला की तेही ऑक्सिजनला चेतवतं. आणि बऱ्याच भाज्यांमध्ये याच कामाचं एन्झाइम असतं, चिरलं की ते मोकाट सुटतं.

प्रश्न : मी फूड टेक्नॉलॉजी शिकतोय. आमच्या सरांनी एस्कॉर्बेट-२-फॉस्फेट हा सगळ्यात टिकाऊ प्रकार असं सांगितलं पण ‘२’ च का, ३ का नाही, आणि ते बनवतात कसं हे तासात राहून गेलं. सांगाल का?

उत्तर : सांगते, आणि जरा लांबण लावूनच सांगते, कारण मला स्वतःला यातली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

आधी तर्क. बिघाड होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या कार्बनवरचे दोन्ही ओएच मोकळे असतात म्हणून. डिहायड्रो व्हायचं तर दोघांना हायड्रोजन सोडून कीटोन (कार्बनला डबल बाँडने जोडलेला ऑक्सिजन) व्हावं लागतं. त्यातल्या एकाला जरी मुसकी बांधली तरी ऑक्सिजनला तोंड लावता येत नाही, प्रकरण तिथेच थांबतं. मग प्रश्न राहतो कुणाला बांधायची.

तिसऱ्या कार्बनवरचा ओएच फार आम्लधर्मी आहे, त्याचा पीकेए (हा आकडा जितका कमी तितका हायड्रोजन सहज सुटतो) ४.२, म्हणजे साध्या न्यूट्रल पाण्यातसुद्धा तो आपला हायड्रोजन सोडून निगेटिव्ह होऊन बसलेला असतो. तेव्हा सोप्पं वाटतं की तिथेच जोडावं. जोडता येतंही, पण तो निगेटिव्ह चार्ज पहिल्या कार्बनच्या कार्बोनिलपर्यंत पसरलेला असल्यामुळे तिथला फॉस्फेट चांगला धरून राहत नाही, पाण्यात सुटून जातो. दुसऱ्या कार्बनचा ओएच मात्र हट्टी, पीकेए ११.६ च्या आसपास. तो हायड्रोजन सोडायला तयार नसतो पण एकदा सोडला की जोरात हल्ला करतो आणि तिथे बसलेला फॉस्फेट टिकतो. म्हणून सगळी रिअ‍ॅक्शन अल्कलीत करायची, पीएच १० च्या पुढे. सगळे रेणू डबल निगेटिव्ह झाले पाहिजेत असं नाही, काही टक्के झाले तरी ते रिअ‍ॅक्शनमध्ये खर्च होतात आणि त्यांच्या जागी दुसरे तयार होत राहतात.

आता यातली गंमत बघा, अल्कलीत एस्कॉर्बेट सगळ्यात नाजूक असतं. म्हणजे ज्या अवस्थेत त्याला टिकाऊ करायचं त्याच अवस्थेत ते सगळ्यात लवकर मरतं. म्हणून भांड्यात नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून ऑक्सिजनला पूर्ण हद्दपार करावं लागतं, आणि धातूंच्या अंशांवरही नजर ठेवावी लागते, नाहीतर हाती येतं ते तपकिरी पाणी.

फॉस्फेट आणायचा कुठून याचे दोन रस्ते. जुना रस्ता फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडचा. ते फार आडदांड, मिळेल त्या ओएचला जाऊन चिकटतं, म्हणून आधी पाचव्या आणि सहाव्या कार्बनचे ओएच अ‍ॅसिटोन लावून झाकून घ्यायचे, मग पिरिडिन घालून अल्कलीत फॉस्फेट बसवायचा, मग अ‍ॅसिडने ते झाकण काढायचं. लॅबमध्ये ठीक, पण पिरिडिनचा वास ज्याने घेतलाय तो हे अन्नात घालायला सुखाने तयार होणार नाही, शेवटी ते सगळं धुऊन काढणं आलंच.

दुसरा रस्ता कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत पॉल सीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पक्का केला. त्यांनी घेतलं सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट, म्हणजे तीन फॉस्फेट एकमेकांचे हात धरून गोल उभे आहेत असं समजा. हे पाण्यात चालतं, स्टार्चवर प्रक्रिया करायला खाद्य उद्योगात ते आधीपासून वापरात होतंच. एस्कॉर्बेटचा दुसरा ऑक्सिजन त्या गोलाला धडकतो, गोल उघडतो आणि तिन्ही फॉस्फेट साखळीसारखे त्या ऑक्सिजनला लटकतात. झालं २-ट्रायफॉस्फेट. झाकणं नकोत, पिरिडिन नको. नंतर साखळीतले एकदोन गळून डायफॉस्फेट, मोनोफॉस्फेटही मिळतं, सगळ्यांचं मिश्रण असलं तरी बिघडत नाही, कारण आपल्या आतड्यात फॉस्फेट तोडणारी फॉस्फेटेज एन्झाइम भरपूर आहेत, ती एकेक करून सगळे कापतात आणि शेवटी शुद्ध एस्कॉर्बेट उरतं. मला विचाराल तर यातला शहाणपणा केमिस्ट्रीपेक्षा या शेवटच्या भागात आहे. बंधन असं निवडलं की ते बाटलीत सुटत नाही आणि पोटात सुटल्याशिवाय राहत नाही.

एक किंमत मोजावी लागते ती वजनाची. मोनोफॉस्फेटच्या ट्रायसोडियम मिठाचा रेणुभार ३२२, त्यातलं व्हिटॅमिन १७६, म्हणजे जेमतेम ५५ टक्के. पॉलिफॉस्फेटच्या मिश्रणात आणखी कमी, ३५ टक्क्यांची पावडर हा बाजारातला ओळखीचा प्रकार आहे. लेबलवर ग्रॅम बघताना हे लक्षात ठेवायला लागतं.

प्रश्न : एवढं टिकाऊ आहे तर हे रसात, सरबतात का घालत नाहीत? मी तर हे नाव फक्त माशांच्या खाद्याच्या पोत्यावर वाचलंय.

उत्तर : बरोबर वाचलंय, माशांचं खाद्य हे याचं मोठं घर आहे. सालमन, ट्राउट, कॅटफिश अशा आजच्या बहुतेक हाडांच्या माशांना आपल्यासारखंच व्हिटॅमिन सी स्वतः बनवता येत नाही, शेवटच्या पायरीचं एन्झाइमच नसतं. कमी पडलं तर कोलॅजन नीट बनत नाही आणि वाढत्या माशाचा कणा वाकडा होतो. खाद्याच्या गोळ्या वाफेने आणि दाबाने, १०० अंशांच्या वर तापवून बनतात, त्यात फिशमीलमधलं, म्हणजे वाळवलेल्या माशांच्या भुकटीतलं, लोखंड असतं, मग पोती गोदामात पडून राहतात आणि शेवटी ती गोळी पाण्यात जाते. साध्या एस्कॉर्बिक अ‍ॅसिडला मारायचं असं ठरवून जरी कुणी प्लॅन केला असता तरी याहून चांगला जमला नसता. तिथे फॉस्फेटवाला प्रकार खर्चाला पुरून उरतो.

सरबताचं गणित उलटं. सरबत आंबट असतं, पीएच ३ ते ४, आणि आंबटात साधं एस्कॉर्बिक अ‍ॅसिड बऱ्यापैकी शांत असतं, तर फॉस्फेटचं बंधन मात्र आंबटातच हळूहळू सुटायला लागतं. म्हणजे जिथे साधं टिकतं तिथे हे डळमळतं आणि जिथे साधं मरतं, न्यूट्रल किंवा अल्कलीकडे, तिथे हे मजबूत. म्हणून ‘सगळ्यात टिकाऊ’ असं सरसकट म्हणू नये, कशात टिकाऊ ते आधी विचारावं. शिवाय साधं एस्कॉर्बिक अ‍ॅसिड इतकं स्वस्त पडतं की कारखाने सरळ लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त घालून मोकळे होतात, म्हणजे एक्स्पायरीच्या दिवशीही निदान लेबलइतकं उरतं. आणि माणसांच्या अन्नात कुठला प्रकार चालेल याची प्रत्येक देशाची यादी असते, तिच्यात नाव नसेल तर प्रश्नच मिटला.

प्रश्न : मग फॉस्फेटऐवजी दुसरं काहीही बांधलं तरी चालेल ना? सल्फेट वगैरे?

उत्तर : हे करून बघितलंय लोकांनी, आणि तिथेच खरा धडा मिळाला. १९६९ मध्ये मीड आणि फिनामोर यांना आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारक्या झिंग्यात एस्कॉर्बेट-२-सल्फेट सापडलं, म्हणजे निसर्गच हे बनवतोय. दणकट इतकं की ऑक्सिजन त्याचं काही वाकडं करू शकत नाही. सगळ्यांना वाटलं मिळालं! पण गिनीपिगला दिलं तर स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार, बरा होईना, माकडांनाही उपयोग झाला नाही. सल्फेट कापायची सोय त्यांच्याकडे पुरेशी नव्हती, जसं गेलं तसं बाहेर पडलं. माशांच्या बाबतीत तर बरीच वर्षं वाद चालला, काहींना गुण दिसला, काहींना दिसला नाही.

उलट जपानमध्ये ग्लुकोज बांधून बघितलं ते छान जमलं. एस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि स्टार्चचे तुकडे एकत्र ठेवून एका बॅक्टेरियाच्या एन्झाइमकडून दुसऱ्या कार्बनवर ग्लुकोज चढवतात, जास्त चढले तर दुसऱ्या एन्झाइमने छाटून एकच ठेवतात. ओकायामा युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचं आणि हायाशिबारा कंपनीचं हे काम. आंबटातही टिकतं आणि आपलं लहान आतडं माल्टोज फोडायला जी एन्झाइम वापरतं तीच याला सोडवतात. स्किन क्रीमवाल्यांनी ते आधी उचललं, पण पोटातूनही ते तितकंच व्हिटॅमिन आहे. वजनाचं तेच, रेणुभार ३३८, म्हणजे व्हिटॅमिन ५२ टक्के.

प्रश्न : कारखान्यात बनवलेलं व्हिटॅमिन सी आणि फळातलं, फरक असतो का?

उत्तर : रेणूत अजिबात नाही. १९३३ मध्ये हॉवर्थ-हर्स्ट आणि राइखस्टाइन यांनी वेगवेगळं बनवून दाखवलं तेव्हापासून हा प्रश्न मिटलेला आहे. राइखस्टाइनच्या पद्धतीत तर ग्लुकोजपासून सुरुवात होते आणि मधली एक पायरी बॅक्टेरियाच करतात. फळात सोबत इतर चांगल्या गोष्टी असतात तो मुद्दा वेगळा.

प्रश्न : एवढी केमिस्ट्री करण्यापेक्षा व्हिटॅमिनच्या दाण्यावर नुसतं कोटिंग केलं तर?

उत्तर : करतातच, आणि पुष्कळ ठिकाणी तेच पुरतं. इथाइल सेल्युलोज किंवा घट्ट फॅटचा थर देतात. कोरड्या पिठात, पावडरीत, गोळ्यांमध्ये मस्त चालतं, शेजारच्या लोखंडाशी संबंध येत नाही. पण थर म्हणजे थर, पाणी शिरलं, फॅट वितळलं किंवा एक्स्ट्रूडरमध्ये (दाबून गोळ्या काढणाऱ्या यंत्रात) रगडलं गेलं की आतला रेणू जसा होता तसाच उघडा. फॉस्फेटमध्ये प्रत्येक रेणूचा बंदोबस्त वेगळा असतो, हा मुख्य फरक. कोरड्या मालाला कोटिंग, ओल्या आणि तापणाऱ्या मालाला केमिस्ट्री, असं मी तरी ढोबळमानाने धरते.

प्रश्न : ब्रेडच्या पाकिटावर एस्कॉर्बिक अ‍ॅसिड लिहिलंय, मग ब्रेडमधून व्हिटॅमिन सी मिळतं का?

उत्तर : नाही. ते पिठासाठी असतं, खाणाऱ्यासाठी नाही. मळताना त्याचं डिहायड्रो रूप होतं आणि ते ग्लूटेनची जाळी घट्ट करायला मदत करतं, मग भट्टीत सगळं संपतं. इथे बिघडणं हेच त्याचं काम आहे.

प्रश्न : रंगीत सरबतात बेन्झोएट आणि व्हिटॅमिन सी एकत्र असू नये म्हणतात, खरं का?

उत्तर : खरं आहे, कारणही वरचंच. एस्कॉर्बिक अ‍ॅसिड, ऑक्सिजन आणि थोडं तांबं-लोखंड यांतून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं आणि ते बेन्झोएटमधून अगदी थोडं बेन्झीन काढू शकतं. उष्णता आणि उजेडात ठेवलं तर जास्त. प्रमाण पीपीबीतलं (अब्जात काही भाग) असतं, घाबरून जाण्यासारखं नाही, पण टाळता येण्यासारखं आहे आणि उत्पादकांनी फॉर्म्युले बदललेही आहेत.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये एका टिकाऊ व्हिटॅमिन सी पावडरचं आयोडीनने टायट्रेशन केलं (म्हणजे थेंबथेंब आयोडीन घालून मोजलं), पहिल्या थेंबालाच निळा रंग आला, म्हणजे व्हिटॅमिन शून्य! कंपनी फसवतेय का?

उत्तर : आधी घटकांची यादी बघा, एस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा ग्लुकोसाइड लिहिलेलं असणार. आयोडीन त्याच ईनडायॉलकडून इलेक्ट्रॉन घेतं जिथून ऑक्सिजन घेतो, आणि ती जागा बांधलेली आहे म्हणून तर पावडर टिकाऊ आहे. व्हिटॅमिन सी मोजायला वापरतात त्या डीसीपीआयपी रंगद्रव्यानेही हेच होणार. शून्य आलं याचा अर्थ मोकळं एस्कॉर्बिक जवळपास नाही एवढाच, म्हणजे तुमच्या नकळत पावडर अजून चांगल्या अवस्थेत आहे हेही कळलं. खरं माप हवं तर फॉस्फेटवाल्याला आधी अ‍ॅसिड फॉस्फेटेज एन्झाइम लावा, ग्लुकोसाइडवाल्याला अल्फा-ग्लुकोसिडेज, थोडा वेळ कोमट ठेवा आणि मग लगेच टायट्रेट करा, कारण सुटलेलं व्हिटॅमिन आता परत नाजूक झालेलं असतं. अ‍ॅसिड घालून उकळून बंधन तोडायचा मोह होईल, तो नको, व्हिटॅमिनही त्यात जाईल. तुमच्याकडे एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) असेल तर सगळ्यात बरं, न तोडता थेट मोजता येतं. आणि टक्के काढताना ५५ किंवा ५२ चा गुणक विसरू नका, नाहीतर पुढच्या पत्रात परत कंपनीवर संशय येईल.